स्लॅबखाली एकटी राहणारी आई: गावोगावच्या मुंबई मंडळांना खुलं पत्र

प्रति,
देवगड तालुक्यातल्या गावोगावच्या मुंबई मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि सभासद

सप्रेम नमस्कार.

मी बाजारातला मेडिकलवाला. नाव सांगायची गरज नाही, तुमच्यातल्या निम्म्यांच्या मोबाईलमध्ये माझा नंबर 'मेडिकल गाव' असाच सेव्ह असेल. आईच्या चिठ्ठीचा फोटो तुम्ही डोंबिवलीहून, विरारहून व्हॉट्सॲपवर टाकता, मी गोळ्या काढतो, माझा पोरगा घरी नेऊन देतो, तुम्ही पैसे ऑनलाईन पाठवता. तेवीस वर्षं हे चाललंय. पूर्वी फोटोऐवजी एस.टी.च्या कंडक्टरच्या खिशातून चिठ्ठी यायची, एवढाच फरक. त्यामुळे कुणाच्या घरात कुठली गोळी चालू आहे हे मला माहीत असतं. ते माहीत असण्याचंही कधीकधी ओझं होतं.

तुमच्या वार्षिक सभा आता जवळ आल्या. विषयपत्रिका मला न बघता सांगता येईल: मागील सभेचं इतिवृत्त, देवळाच्या सभामंडपाला टाईल्स, पाखाडीचं काम, क्रिकेटची स्पर्धा, आयत्या वेळचे विषय. यात वावगं काही नाही. गावात जे काही उभं आहे ते तुमच्या वर्गणीवर उभं आहे. पण यंदा आयत्या वेळची वाट न बघता एक विषय पत्रिकेतच घाला: गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं आणि उन्हाळा. "आम्ही काय उन्हात वाढलो नाही?" असं कोणीतरी उठून बोलेलच. पुढचं सगळं त्याच्यासाठी.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे अडीच. शटर अर्धं ओढून मी डबा उघडत होतो. पायरीवर कोणीतरी उभं दिसलं, वाकून बघतो तर वरच्या वाडीतल्या काकी. वय अठ्ठ्याहत्तर. पायात चप्पल नाही. छत्री हातात, पण मिटलेली.

"झिला, बीपीची गोळी दी रे."

"काकी, सकाळीच न्हेलात मगे?"

"खंय न्हेलंय? मी आज भायर पडाकच नाय."

सकाळी दहाला मी स्वतः त्यांना पाकीट दिलं होतं. अकराला त्या परत आल्या आणि पोराने दुसरं पाकीट दिलं, हे मला नंतर कळलं. त्यांना आत घेऊन पंख्याखाली बसवलं. माझा शर्ट पाठीला चिकटलेला आणि त्यांचं कपाळ कोरडं ठणठणीत. हात धरला तर तव्यासारखा. मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "अहो, सकाळीच बोललो मी. बरी आसंय म्हणाली. माका काय धाड भरली हा, असं वर मलाच विचारलं." मुलगा खोटं बोलत नव्हता. आईसुद्धा नव्हती.

तालुक्याला नेलं, रक्त तपासलं. सोडियम, म्हणजे रक्तातल्या मिठाचं प्रमाण, ११७. ते १३५ ते १४५ असावं लागतं. चार दिवसांनी त्या घरी आल्या, पण आधीच्या काकी काही परत आल्या नाहीत. सगळे अभंग पाठ असलेली बाई आता दुसऱ्या चरणाशी अडते आणि शेजारणीच्या तोंडाकडे बघते. डॉक्टर म्हणाले, विसराळूपणा आधीच सुरू झालेला असणार, कोणाच्या ध्यानात आला नव्हता. अशा मेंदूला भ्रमाचा एक झटका बसला की पुढची उतरण वेगाने होते. हे वैद्यकशास्त्राला पक्कं ठाऊक आहे.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे मी तुम्हाला उपदेश करायला बसलोय असं वाटणार नाही. काकींच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, ते शरीरातलं मीठ बाहेर काढतं. रात्री सारखं उठावं लागतं म्हणून दुसरी एक गोळी चालू होती. त्या जातीच्या औषधांनी घाम कमी येतो आणि म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्तीही मंदावते. आणि दोन दिवस आधी त्या घामोळं दाखवायला आल्या, तेव्हा खाजेवरची जुन्या पद्धतीची गोळी मीच काढून दिली होती. तीसुद्धा घाम आटवणारी, डोकं जड करणारी. प्रत्येक गोळी आपापल्या जागी बरोबर होती. तिन्ही एकत्र, वर मे महिना आणि वर स्लॅब, हे गणित कोणी मांडलंच नव्हतं. चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या होत्या, पण पाकिटं एकाच दुकानातून गेली होती.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतली वीस टक्के तो एकटा खातो. म्हणजे तो सतत तापणारं यंत्र आहे, आणि त्याची उष्णता रक्ताने वाहून न्यावी लागते. कधी घाम सोडायचा, कधी तहान लावायची याचा हुकूमही त्याच्याच तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्या भागातून निघतो. वयाबरोबर तो हुकूम सुस्तावतो. सत्तरीच्या माणसाला पाणी कमी पडलेलं असतं, तरी तहान लागत नाही. पार्किन्सनमध्ये घामावर ताबा ठेवणाऱ्या मज्जातंतूंनाच आजार लागतो, त्यामुळे कोणाला घामाच्या धारा, तर कोणाला टिपूस नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणाऱ्या आजाराचे रुग्ण तर अंग तापलं की चालताना अडखळतात, डोळ्यांपुढे धूसर होतं. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने हे १८९० मध्येच लिहून ठेवलं. २०२४ च्या मे महिन्यात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे संजय सिसोदिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातले ३३२ शोधनिबंध चाळून मेंदूचे १९ आजार आणि बदलतं हवामान यांचा मेळ मांडला. पक्षाघात, अपस्मार, अर्धशिशी, अल्झायमर, सगळं त्यात आहे. एकट्या सरासरी तापमानाने बिघडतं असं नाही, हवामानाची टोकं आणि दिवसभरातले मोठे चढउतारही मेंदूला सोसत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष.

उकाड्याने अल्झायमर होतो, असं कोणी सिद्ध केलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण ज्याचा मेंदू आधीच झिजायला लागलाय, त्याला उकाडा फार महागात पडतो. तहान लागली तरी त्याला सांगता येत नाही. माठ कुठे ठेवलाय ते आठवत नाही. दोन स्वेटर घालून उन्हात बसलेले आजोबा मी एप्रिलमध्ये पाहिलेत.

तुम्ही आंब्याची माणसं, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. साका काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. फळ बाहेरून सोन्यासारखं, वास फर्स्टक्लास, डाग नाही. कापलं की आत पांढरा, स्पंजासारखा गर. तापलेल्या जमिनीची धग लागून तो होतो, म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करा असं कृषी विद्यापीठवाले सांगत असतात, आणि बागायतदार ते करतो. फोनवरची आई म्हणजे न कापलेला हापूस. "जेवलीस?" "जेवलंय." "गोळी घेतलीस?" "घेतलंय." दोन मिनिटांच्या बोलण्यात आतलं काही समजत नाही.

उष्णतेची लाट कोकणात येत नाही, ती विदर्भात येते, हाही एक जुना गैरसमज. किनारपट्टीसाठी हवामान खात्याचा निकषच वेगळा आहे: पारा ३७ अंशांवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त. मैदानी भागासाठी हाच आकडा ४० चा. २०२३ साली कोकणाला हा इशारा फेब्रुवारीत मिळाला, फेब्रुवारीत! दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात देशभरातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता तो. पण खरी गोम आकड्याच्या खाली आहे. आपल्या हवेत ओल इतकी की घाम सुटतो पण उडत नाही, आणि अंग गार होतं ते घाम उडाल्याने, नुसता सुटल्याने नाही. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता हा आपला साधा दिवस, तोच अंगाला चाळिशीच्या आसपास भासतो. त्या दिवशी टीव्हीवर कुठलीही लाट नसते. १६ एप्रिल २०२३ ला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात खारघरच्या मैदानात उघड्यावर बसलेल्या गर्दीतली १४ माणसं गेली, त्या दिवशी पारा ३८ च्या आसपासच होता. तुमच्यातले कितीतरी जण त्या मैदानात होते, मी जास्त बोलत नाही.

आता घराकडे वळतो, कारण घर तुमच्या हातात आहे.

जुनी घरं आठवा. चिऱ्याच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, पुढे पडवी, उन्हाळ्यात खळ्यावर झावळांचा माटव. कौलांच्या फटींतून गरम हवा आपली आपण वर निघून जायची. ती घरं काय स्वर्ग नव्हती, दरवर्षी नळे परतताना बापाची कंबर मोडायची आणि विंचू अंगावर पडायचे. म्हणून तुम्ही घामाच्या पैशातून स्लॅब घातला, त्याबद्दल तुम्हाला कोणी नावं ठेवू नयेत. पण स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते ओकतो. काकींच्या खोलीत मी रात्री दहाला भिंतीला हात लावून बघितला, कोमट नाही, गरम. खिडक्या सरकत्या काचेच्या आणि बंद. का, तर वानर. उघडी खिडकी दिसली की टोळी आत येते, भाताचं टोप उचलून नेते. एकटी बाई काठी घेऊन किती वेळा उठणार? ती खिडकी लावूनच घेते. त्यात लाईट गेली की पंखाही बंद. पावसाच्या तोंडावर ती जातेच, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं तेव्हा कितीतरी वाड्या दिवसेंदिवस काळोखात होत्या.

रात्रीचा उकाडा दिवसापेक्षा वाईट. बॉस्टनमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या झोपेवर २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खोलीचं तापमान २५ वरून ३० अंशांवर गेलं की झोपेचा दर्जा पाच ते दहा टक्क्यांनी घसरतो, असं त्यांना आढळलं. वाचून मला हसू आलं. आपल्या घरात २५ अंश म्हणजे जानेवारीची पहाट, गोधडी ओढून घेण्याची वेळ! झोप मोडली की दुसऱ्या दिवशी माणूस चिडचिडा, गोंधळलेला, पडायला टेकलेला. मेंदूत साठणारा प्रथिनांचा कचरा झोपेत जास्त वेगाने साफ होतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांतून २०१३ मध्ये मांडलं गेलं. त्यावर पुढे वादही झाले, ते शास्त्रज्ञांनी मिटवावेत. रात्रभर न झोपलेली म्हातारी सकाळी कशी असते ते बघायला मला प्रयोगशाळा लागत नाही.

आणि पेज. हे बोललो की तरुण मुलं हसतात, हसू देत. उकड्या तांदळाची पेज सकाळी दहा-अकराला, वर मिठाचा खडा, सोबत लोणच्याची फोड किंवा सुकं. पाणी, मीठ आणि पोटाला आधार, सगळं एका वाडग्यात. एकट्या माणसाने स्वतःपुरती पेज कोण शिजवणार? तिच्या जागी आता चहा आणि खारी. दुपारी पुन्हा चहा आणि टोस्ट. पाणी पोटात जातंय कुठे? सगळ्यांनी मीठ वाढवा असं मात्र मी म्हणत नाही. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांचं मीठ आणि पाणी डॉक्टरच ठरवतील. काकींना मात्र सहा महिने 'मीठ बंद' सांगितलेलं होतं, आणि त्या आज्ञाधारक बाईने ते अक्षरशः पाळलं.

म्हातारं माणूस एकाएकी बडबडायला लागलं, रात्री उठून मेलेल्या माणसांशी बोलायला लागलं, तर आपल्याकडे दोनच निदानं होतात: म्हातारचळ किंवा बाधा. पहिल्यात कोणी काही करत नाही, दुसऱ्यात देवाला कौल लागतो. कौल लावा, मी नको म्हणणार नाही, गाऱ्हाणं घालायला मीही उभा राहीन. पण आधी रक्तातलं सोडियम, साखर आणि लघवीतला जंतुसंसर्ग तपासा. दोन दिवसांत आलेला गोंधळ आणि दोन वर्षांत आलेला विसर या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला बहुतेक वेळा उतरतो, वेळेवर धरला तर.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे साठीपुढच्या शंभर भारतीयांत सातहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे, एकूण सुमारे ८८ लाख. बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. आता आपल्याकडे बघा. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या, कारण पुरुष कुठे आहेत ते तुम्हीच जाणता. खेडं, बाई, म्हातारपण आणि एकटेपण, चारही एका उंबऱ्यावर.

२००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेची लाट आली. सुमारे पंधरा हजार माणसं नेहमीपेक्षा जास्त मेली, त्यातली बहुतेक म्हातारी आणि बरीचशी एकटी राहणारी. ऑगस्ट हा तिकडे सुट्टीचा महिना, मुलं समुद्रावर गेलेली. फ्रान्स काही गरीब देश नव्हे. दवाखाने होते, रस्ते होते, फोन होते. दार वाजवणारं कोणी नव्हतं. पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा केला आणि प्रत्येक नगरपालिकेला एक वही ठेवायला लावली: आपल्या हद्दीत एकटं राहणारं म्हातारं किंवा अपंग माणूस कोण, कुठे. इच्छा असेल त्याने नाव नोंदवायचं. इशारा आला की त्या नावांना फोन जातो, फोन उचलला नाही तर माणूस जातो.

अशी वही आपल्याकडे सरकार कधी करील ते करो. आपल्याकडे तुम्ही आहात. कुठल्या वाडीत कुठल्या घरात कोण एकटं आहे हे मुंबई मंडळाइतकं कोणालाच ठाऊक नाही, वर्गणीच्या पावत्या घराघरावर फाडता तुम्ही. तेव्हा वही करा. फोन सकाळी करू नका, सकाळी सगळेच बरे असतात. दुपारी दोनच्या पुढे करा आणि "बरी आहेस ना?" विचारू नका. आज वार कुठला, काल कोण येऊन गेलं, पेजेबरोबर काय खाल्लंस, असं विचारा. उत्तर नेहमीसारखं आलं नाही तर लगेच शेजारी फोन. मार्च ते जून वाडीतल्या एखाद्या मुलीला दिवसाला दोन फेऱ्या मारायचं मानधन द्या. क्रिकेटच्या दुसऱ्या बक्षिसाच्या रकमेत चार महिने निघतात, मी हिशेब केलाय. सभामंडपात तुमच्याच वर्गणीतून आलेले मोठे पंखे आहेत आणि ते सप्ताहातच फिरतात. दुपारी बारा ते चार तो मंडप म्हाताऱ्यांना उघडा ठेवायला देवाची काही हरकत असेल असं मला वाटत नाही, पुजाऱ्यांची असली तर मी बोलतो.

स्लॅबला चुना मारा. अहमदाबादेत २०१३ पासून उष्णतेसाठी वेगळा आराखडा आहे, तिथे गरीब वस्त्यांत छपरं पांढरी केली गेली. आपल्याकडचा पाऊस तो चुना टिकू देणार नाही, शेवाळ धरेल, म्हणून दर फेब्रुवारीत नव्याने मारावा लागेल. एक दिवसाचं काम. खिडकीला वानर येणार नाही अशी जाळी बसवा, काच उघडी राहील.

गोळ्यांचं माझ्याकडे लागलं. फेब्रुवारी संपायच्या आत आईच्या घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. जुनी, नवी, आयुर्वेदिक, शेजारणीने दिलेली, सगळी. उन्हाळ्यात यातलं काय कमी करायचं, काय बदलायचं, हे त्यांना विचारा. हे पत्र वाचून कोणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नका, पार्किन्सनची तर मुळीच नको. ती एकाएकी थांबवली तर जीवावर बेततं. आणि मे महिन्यात औषधं रात्रीच्या बसच्या डिकीत घालून पाठवू नका. इंजिनाच्या धगीजवळ बारा तास राहिलेलं इन्सुलिन मला फेकून द्यावं लागलंय, आणि ते आईला सांगावं लागलंय.

काकींच्या मुलाला हे पत्र आधी वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "घाला. फक्त आईचं नाव नको." नाव घातलेलं नाही. पुढच्या रविवारी आमच्या गावच्या मंडळाची सभा आहे, शनिवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय, दुकान पोरगा बघेल. वही मी घेऊन येतो. दोनशे पानी आहे, पहिल्या पानावर आमच्या वाडीची अकरा नावं लिहून झाली आहेत. बाकीच्या वाड्यांची तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.

तुमचाच,
बाजारातला मेडिकलवाला